तीन व्होल्टवरचं रान

घड्याळात सेल बदलताना जुना आधी काढायचा, हे मला कुणी शिकवलं नाही. हातालाच कळतं ते. चिमट्यानं जुना उचलायचा, खालची जागा पुसायची, नवा बसवायचा, काटा चालला की झाकण दाबायचं. तीस-पस्तीस वर्षं मी हेच करत आलोय. मधल्या अर्ध्या मिनिटात घड्याळ बंद असतं, पण त्यानं कुणाचं काय अडतं? वेळ पुन्हा लावता येते. ज्या वस्तूत ते अर्धं मिनिट चालत नाही अशी एकच वस्तू माझ्या टेबलावर आली, आणि तिच्यात माझ्या आईचं रान होतं.

दुकान जुन्नरच्या जुन्या पेठेत, वडलांनी टाकलेलं. पुढं काचेचं काउंटर, मागं एक खोली. त्या खोलीत मी राहतो. लग्न जमलं नाही. घड्याळजीला पोरगी कशाला द्यायची, वेळ तर मोबाइलवर दिसतीच की, असं एका पाव्हण्यानं तोंडावर सांगितलं आणि वर आमचाच चहा पिऊन गेला. त्यानंतर मी पोरी बघायला जायचं सोडून दिलं. स्वभाव माझा तिरसट आहे, ते मी मान्य करतो. गिऱ्हाईक दोनदा तेच विचारायला लागलं की मी भिंगातून डोळा काढत नाही.

काउंटरखाली एक खण आहे. लोकांनी दुरुस्तीला टाकलेल्या आणि न्यायला आलेच नाहीत अशा वस्तू त्यात असतात. लग्नात मिळालेली घड्याळं, कॅल्क्युलेटर, एक बोलणारा गजर. या खणाचे वडलांनी दोन नियम घालून दिलेले. गिऱ्हाइकाची वस्तू कितीही वर्षं पडून राहिली तरी विकायची नाही. आणि गिऱ्हाईक उशिरानं का होईना न्यायला आलं, तर आधी तिच्यात ताजा सेल टाकायचा, मगच हातात द्यायची. "माणूस इतक्या वर्सांनी आठवण ठिवून आलंय, त्याला बंद वस्तू द्यायची व्हय रं?" म्हणायचे. मग चालू घड्याळ समोरच्याच्या हातात देऊन त्याच्या तोंडाकडं बघत बसायचे. मला हा नियम लहानपणापासून लई आवडायचा.

पंधराएक वर्षांपूर्वी नववी-दहावीतली एक पोरगी दुकानात आली. मूळची महाळुंगे पडवळची, शाळेसाठी इथं आत्याकडं राहायची. तिनं काउंटरवर हातात धरून खेळायचा एक व्हिडिओ गेम ठेवला. तिच्या मामानं परदेशातून आणलेला. त्याच्या पाठीत काड्यापेटीएवढी कॅसेट बसते, आणि खेळ त्या कॅसेटमध्ये असतो.

"काका, खेळलेलं राहतच नाही हो. बंद केलं की सगळं पहिल्यापासून," ती म्हणाली.

कॅसेटला बसवलेला स्क्रू असा चमत्कारिक की माझ्याकडचा एकही पाना त्याला लागेना. शेवटी बॉलपेनची नळी मेणबत्तीवर मऊ केली, स्क्रूवर दाबून धरली, गार होऊ दिली आणि त्याच नळीनं स्क्रू फिरवला. आत गोल, चपटा, तीन व्होल्टचा सेल निघाला, मोठ्या डिजिटल घड्याळात असतो तसाच. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. खेळ कायमचा कोरलेला असतो, पण खेळणाऱ्यानं केलेलं काम त्या सेलच्या जिवावर राहतं. सेल मेला की काम पुसलं जातं. पोरीचा सेल पार मेलेला.

"तुझं आतलं गेलं बघ. नवा सेल टाकला की इथून पुढचं राहील," मी सांगितलं.

"मग माझ्या गाई?" तिनं विचारलं. खेळ शेतीचा होता.

"गाई गेल्या. नव्या घे," मी म्हणालो, भिंग डोळ्यावरच ठेवून. ती उद्या येते म्हणाली आणि गेली. कॅसेटला लागणारा पट्ट्यांचा, म्हणजे पत्र्याचे पाय जोडूनच येणारा सेल तेव्हा आमच्याकडं मिळत नव्हता. मी साधाच सेल घेतला, दोन पातळ पत्रे लावले, वरून चिकटपट्टी आवळली. चांगलं चाललं. पोरगी काही आली नाही. आत्याची बदली झाली असं कुणीतरी सांगितलं. गेम खणात गेला.

त्याच वर्षी आई न्हाणीत घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. मागच्या खोलीत खाटेवर पडून राहायची. जन्मभर रानात राबलेली बाई, तिला ती खाट सोसवेना. टीव्हीवरच्या हिंदी मालिका तिला पटायच्या नाहीत. "ह्या बाया येवढं नटून सयपाक कवा करत्यात?" म्हणायची. एका दुपारी मी तो गेम चालतोय का बघत होतो, तर तिनं हात पुढं केला.

"गिऱ्हाइकाचा आहे," मी म्हणालो.

"मंग? तुझ्या बानं इकू नगं म्हनलं व्हतं. वापरू नगं कुठं म्हनलं व्हतं?"

मी दिला. बटणं मोजून चार-पाच. पडद्यावर टोपी घातलेला एक बारका गडी, त्याच्या हातात कुदळ, पुढं दगडधोंड्यांनी भरलेलं रान. खेळात नाव घालायचं होतं, इंग्रजीत. ते तेवढं तिनं माझ्याकडून घालून घेतलं. स्वतःचं नाव नको म्हणाली, माहेरच्या गावाचं घाल. तिचं माहेर घोड नदीकाठचं, डिंभ्याच्या धरणात गेलेलं. मी एकेक अक्षर निवडून घातलं आणि पुढं टेबलावर जाऊन बसलो. त्या खेळात माझा हात लागला तो तेवढाच.

आईनं आधी दगड वेचले. त्यातच आठवडे गेले. मग तिची आतून बडबड सुरू झाली, आणि ती पुढं पाच वर्षं थांबली नाही. पडद्यावरच्या भाजीला ती कांदा म्हणायची. मेंढरं विकत मिळतात पण रानात बसवता येत नाहीत, मग खत कसलं पडणार, यावर तिचा त्या खेळ करणाऱ्यावर राग होता. पहिल्यांदा बर्फ पडला तेव्हा तिनं मला हाक मारली, "आरं, रानात ह्ये पांढरं काय पडलं? युरिया फुटला का काय?" गडी घरात जाऊन झोपला की त्या दिवसाचं काम सेलमध्ये उतरतं, एरवी नाही, हे तिला दोनदा काम वाया गेल्यावर कळलं. तेव्हापासून जेवायला हाक मारली तरी हातातला गेम ठेवायची नाही. "थांब, गड्याला निजवू दे. त्याला निजवल्याबिगर बंद करायचं नसतं."

हळूहळू ती तिथं तिचं माहेर लावत गेली. खेळात विहीर काढता येत नाही, म्हणून तिनं रानाच्या एका कोपऱ्यात कुंपणाचे खांब रोवून एक चौकोन मोकळा सोडला आणि तीच विहीर धरली. बांधाला झाडं लावली, ती आंबे. गोठ्याची वाट, कांद्याचे वाफे, भावकीच्या रानाची हद्द. हे सगळं तिनंच सांगितलं म्हणून मला माहीत. रोज एकदा तरी पडदा माझ्याकडं वळवून म्हणायची, "बघ, हितं इहीर व्हती." आणि मी चाक बसवता बसवता म्हणायचो, "हं."

ती गेली त्याला आता नऊ-दहा वर्षं झाली. दहाव्या-बाराव्याला गर्दी होती, नंतर कोण येतं? मला भाऊबहीण नाही. मामा नव्हताच. आणे गावात दिलेली एक मावशी होती, ती आईच्याही आधी गेली. बाजारच्या दिवशी पेठेत पाय ठेवायला जागा नसते आणि दिवसभर माझ्याशी कुणी सेल सोडून दुसरं काही बोलत नाही. खोटं कशाला बोलू, कधीकधी एखादा बोलणारा गजर दुरुस्त झाला तरी मी चार दिवस ठेवून घ्यायचो. खोलीत काहीतरी बोलतंय एवढंच.

गेम खणात परत गेला नाही. तो खाटेवरच्या कोनाड्यात राहिला. वर्षातून एकदा, आईच्या तिथीला, मी तो चालू करायचो. गडी घरात पलंगाशी उभा असायचा, तिनं शेवटचं निजवलं होतं तिथंच. त्याला दाराबाहेर मी कधी नेलं नाही. कुठलं बटण दाबलं तर काय उपटलं जाईल, कुठलं रोप तुडवलं जाईल, मला कुठं माहीत? मिनिटभर बघायचो आणि बंद करायचो.

मधे शिवनेरी बघायला आलेल्या पुण्याच्या एका तरुणाचं घड्याळ बंद पडलं, तो दुकानात आला आणि त्याला कोनाड्यातला गेम दिसला. मग त्याच्या ओळखीनं माझ्याकडं कुरिअरनं कॅसेटी यायला लागल्या. तिशी-चाळिशीतली माणसं, लहानपणीचे गेम माळ्यावरून काढलेले, सगळ्यांचे सेल मेलेले. आता पट्ट्यांचे सेल मागवून मी नीट कथलाचा डाग देऊन बसवतो. सोबत चिठ्ठ्या असतात. काका, आतलं काही परत येईल का? मी खाली लिहितो, नाही, पण इथून पुढचं राहील. त्या तरुणानं मला शिकवलं होतं की सेल जिवंत असेल तर आधी दुसरा सेल तारांनी जोडून ठेवायचा, मगच जुना काढायचा, म्हणजे आतल्या कामाला क्षणभरही उपाशी राहावं लागत नाही. आतलं कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचं एक यंत्रही मिळतं म्हणाला. मागवतो मागवतो म्हणत मी ते मागवलं नाही. आणि जिवंत सेलची कॅसेट माझ्याकडं कधी आली नाही. माझा हात मेलेल्यांवरच शिकला.

मागच्या उन्हाळ्यात एक बाई काउंटरशी उभी राहिली. खांद्याला पर्स, पुण्यात नोकरी करणारी वाटली.

"काका, ओळखलंत? लई वर्षांपूर्वी मी एक गेम टाकला होता इथं. शेतीचा."

मी ओळखलं. आवाज तोच होता. मागं कोनाड्यात गेम दिसत होता, तिनं मान जरा वाकडी केली असती तर तिलाही दिसला असता. माझ्या तोंडातून निघालं, "खणात शोधावं लागंल. पुढच्या शनिवारी या."

"असला तर बघा, नाहीतर राहू द्या," ती म्हणाली आणि गेली.

पुढचे चार दिवस मला काही गोड लागलं नाही. हरवला म्हणून सांगावं तर वडलांच्या दुकानातून आजवर कुणाची वस्तू हरवली नव्हती. देऊन टाकावा तर ती घरी जाऊन नवा खेळ सुरू करणार आणि आईचं रान नांगरलं जाणार. मग मी मनाशी ठरवलं. वस्तू तिची आहे, तिला द्यायची. पण त्याआधी मी गड्याला दाराबाहेर काढणार, सगळं रान एकदा नीट फिरून बघणार आणि कागदावर उतरवून ठेवणार. विहीर कुठं, आंबे कुठं, गोठा कुठं. तिला जे दाखवायचं होतं ते एकदा बघणार.

गुरुवारी दुपारी कॅसेट उघडली. सेलला मीटर लावला तर तीन व्होल्टच्या जागी सव्वादोन. कधीही जाईल अशी गत. शिवाय नियम होताच, वस्तू परत करायची तर ताजा सेल टाकून. तेव्हा आधी सेल, मग फेरफटका, असं मी ठरवलं. वेगळा सेल घेतला, त्याला दोन बारीक तारा जोडल्या, टोकं साफ केली. ते सगळं टेबलावर मांडून ठेवलं. फक्त टेकवायचं बाकी होतं.

तेवढ्यात काउंटरवर एक म्हातारबाबा आले. "भाऊ, येवढं चालू करून द्या, यष्टी सुटंल माजी." मनगटी घड्याळ, सेल गेलेला. मी झाकण उघडलं, चिमट्यानं जुना उचलला, जागा पुसली, नवा बसवला, काटा चालला, झाकण दाबलं. बाबा गेले. मी टेबलावर वळलो, तोच चिमटा हातात, समोर तसलाच गोल सेल. चिकटपट्टी कोपऱ्यातून उचलली, सेल उचलला, फडकं घेतलं आणि खालची जागा पुसली.

पुसून झाल्यावर मला त्या दोन तारा दिसल्या.

सेल परत टेकवून बघितला. त्या तारांचाही टेकवला. गेम चालू केला तेव्हा पडद्यावर नाव घालायची रिकामी चौकट आली. मी शटर ओढून घेतलं आणि स्वतःला आईवरून शिव्या दिल्या, मग आपण कुणावरून देतोय ते लक्षात आल्यावर गप बसलो. रडू आलं. तिला पोचवून आलो त्या दिवशी आलं नव्हतं एवढं आलं.

शुक्रवारी मी पट्ट्यांचा नवा सेल नीट डाग देऊन बसवला. काम झकास झालं. वीस वर्षं बघायला नको.

शनिवारी ती आली. मी गेम तिच्या हातात दिला. तिनं चालू केला, टोपीवाला गडी बघून हसली. "रिकामंच आहे की. असणारच म्हणा, माझं तर तेव्हाच गेलं होतं."

"तुमचं नाही," मी म्हणालो, आणि मला पुढं थांबता येईना. खुबा, खाट, धरण, कांदा, युरिया, चिमटा, सगळं सांगितलं. माझं मला नवल वाटत होतं. इतकं सलग मी वर्षानुवर्षं कुणाशी बोललो नव्हतो.

ती पर्स धरून ऐकत राहिली. मग तिनं गेम बंद केला आणि काचेवरून माझ्याकडं सरकवला.

"काका, त्याच दिवशी बोलायचंत ना. मी न्यायला नव्हते आले. इकडं लग्नाला आले होते, म्हटलं एकदा बघावा. मी काय करू याचं आता? बोलला असतात तर मी हातसुद्धा लावला नसता."

मी फडकं घेऊन गेम पुसायला लागलो.

"तुम्ही परत लावा की त्यांचं रान," ती म्हणाली. "कसं होतं?"

"बांधाला आंबे. कांद्याचे वाफे. कुंपणाचा चौकोन, ती विहीर."

"विहीर कुठल्या अंगाला?"

मी तोंड उघडलं. पाच वर्षं आईनं तो पडदा रोज माझ्याकडं वळवला होता. माझ्या डोळ्याला भिंग होतं आणि भिंगात दुसऱ्या कुणाचं तरी घड्याळ होतं. "बघ, हितं इहीर व्हती," हे तिच्या आवाजात मला जसंच्या तसं ऐकू येतं. हितं म्हणजे कुठं, ते मी कधी बघितलंच नव्हतं. ती बाई येते काका म्हणाली आणि पेठेतल्या गर्दीत दिसेनाशी झाली.

आता दुपारी दुकानात कुणी नसलं की मी गेम घेऊन खाटेवर बसतो. नाव तेच घातलंय, धरणात गेलेल्या गावाचं. दगड वेचून झाले, बांधाला झाडं लावली, मधे कांदा केलाय. गड्याला निजवल्याशिवाय बंद करत नाही. रानाचे चारी कोपरे मी मोकळे ठेवलेत. विहीर त्यातल्याच एकात असणार.